शनिवार सहाची वाफ

(फिनलंडमधलं कुओपिओ. नोव्हेंबरातला शनिवार, संध्याकाळचे सहा वाजून गेलेत. जुन्या पाच मजली इमारतीच्या तळघरातला सामाईक सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी घालून वाफ घ्यायची खोली; प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास. वरच्या फळीवर तौनो आणि हिल्का, सत्तरी ओलांडलेलं जोडपं. बाहेर केव्हाचा अंधार पडलाय.)

हिल्का : आता आणखी पाणी घातलंस तर मी खालच्या फळीवर जाईन. कान सोलून निघाले माझे.

तौनो : एकच पळी. दगड तापलेत, त्यांना जरा शांत करतो.

हिल्का : दगडांचं राहू दे. मघापासून विचारतेय, योर्माला काय बोललास?

तौनो : कुठला योर्मा?

हिल्का : आपल्या इमारतीत योर्मा किती आहेत?

तौनो : तसं म्हटलं तर एकच. पण त्रास चौघांचा देतो.

हिल्का : तौनो.

तौनो : अगं, जिन्यात भेटला. म्हणाला, ऐकलं, तुम्ही स्पेनला निघालात. मी म्हटलं, बघू. तर म्हणतो, मग शनिवारचा सहाचा सौना कुणाला? मी म्हटलं, गेलोच तर तुलाच की रे बाबा. बस, एवढंच. तेही हसून.

हिल्का : तू हसलास?

तौनो : म्हणजे, आतल्या आत.

हिल्का : तुझं आतलं हसू त्याला जिन्याच्या अंधारात कसं दिसणार? अरे, आपण इकडची, साव्हो भागातली माणसं. आपल्याकडे 'बघू' म्हणजे नाही, आणि 'गेलोच तर' म्हणजे मेलो तरी नाही. तो पश्चिम किनाऱ्याचा आहे. तिकडचा माणूस जन्मात चार वाक्यं बोलतो, आणि चारही कोर्टात टिकतात.

तौनो : मग इतकी वर्षं इथे राहून त्याने केलं काय? आमचं बोलणं शिकायला नको?

हिल्का : नवी बादली आणली त्याने. लाकडी. तांब्याच्या कड्यांची.

तौनो : कसली बादली?

हिल्का : सौनाची. शनिवारसाठी. दाखवायला आला होता मला.

तौनो : बादलीपर्यंत गेला?

हिल्का : आणि त्याचा तो मंगळवारी दुपारचा तास आहे ना, तो तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याला देऊन टाकलाय.

तौनो : देऊन टाकला! मला न विचारता?

हिल्का : त्याचा तास तो देणार, तुला कशाला विचारेल? शनिवारचं तू सांगितलंस, मंगळवारचं त्याने केलं. आता मला सांग, पुढल्या शनिवारी सहाला त्या दाराशी तिघं उभे राहणार. तू, मी आणि बादली घेऊन योर्मा.

तौनो : सांगतो मी त्याला उद्या. म्हणतो, गंमत केली.

हिल्का : सांग ना. हा तास मिळायला आपल्याला किती वर्षं लागली आठवतंय? चौथ्या मजल्यावरची म्हातारी आल्मा गेली तेव्हा कुठे मिळाला. तू तिच्या अंत्यविधीला चांगला कोट घालून गेलास, आणि परतताना तडक व्यवस्थापकाच्या दारात.

तौनो : वाटेतच होतं त्याचं दार.

हिल्का : आणि तोच मुकुटमणी योर्माने मागितला आणि तू जिन्यात उभ्या उभ्या दिलास. आता माघार घेतलीस तर इमारतीत तोंड दाखवायला जागा नाही. माणसाने शब्द फिरवला म्हणतील. त्यापेक्षा जायलाच हवं.

तौनो : कुठे?

हिल्का : स्पेनला. दुसरं कुठे?

तौनो : एका तासाच्या वाफेपायी देश सोडायचा?

हिल्का : देश तर तू दरवर्षी सोडतोस. टॅक्सचा कागद आला रे आला की सकाळच्या कॉफीला सुरू. 'या देशात घाम माणसाने गाळायचा आणि टॉवेल सरकारने न्यायचा. हिल्का, बॅगा काढ. आपण दक्षिणेला चाललो.' मी दोनदा खरोखर काढल्यात बॅगा. पहिल्यांदा माहीत नव्हतं म्हणून, आणि दुसऱ्यांदा वाटलं, या वेळी असेल.

तौनो : बोलायची रीत असते ती. इथे टॅक्सबद्दल सगळेच बोलतात. हवेबद्दल बोलावं तसं.

हिल्का : म्हणजे बोलाचीच कढी.

तौनो : आणि तूही काय गं, नगरपालिकेची पेन्शन खाणाऱ्या माणसाला त्याच्या रागावरून पकडतेस.

हिल्का : तेच म्हणते मी. जन्मभर बर्फ ढकलायची गाडी चालवलीस. पगार कुणी दिला? टॅक्सने. मी शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाटाण्याचं सूप वाढलं. वाटाणे कुठून आले? टॅक्समधून. तुझं कंबरेचं हाड बदललं, तेव्हा तू डॉक्टरला काय दिलंस? मासे भरून भाजलेला एक पाव.

तौनो : चांगला पाव होता तो. बाजारातला नव्हे, घरचा.

हिल्का : माझाच होता. तर टॅक्सने अख्खा माणूस उभा केला, आणि माणूस उभा राहिल्या राहिल्या त्याला शिव्या देतो.

तौनो : म्हणजे तू माझ्याच बाजूने बोलतेयस. टॅक्स चांगला, देश चांगला, मग जायचं कशाला? चल, सुटला प्रश्न. पाणी घालू?

हिल्का : सुटला नाही. सोमवारी दहाला माणूस येतोय. सगळ्या खोल्या बघणार आहे.

तौनो : कसला माणूस?

हिल्का : बघणारा माणूस. तू घरात पडलेले मोजे तेवढे उचलून ठेव.

तौनो : हिल्का, घर विकायला काढलंस?

हिल्का : खाली बस. फळी गरम आहे, एकदम उठू नये.

तौनो : आपलं घर! ज्या खिडकीतून मला तळं दिसतं!

हिल्का : वर्षातले पाच महिने तुला त्या खिडकीतून स्वतःचंच तोंड दिसतं, अंधारात. मलाही तेच दिसतं. तुझं.

तौनो : बरं, ऐक. आता खरं सांगतो. हे मी मुद्दाम बोललो नव्हतो आजवर. पलीकडे गेलो ना, तरी माझ्या पेन्शनवरचा टॅक्स इथलेच कापतात. नगरपालिकेच्या माणसाला सुटका नाही. चंद्रावर गेलो तरी कापतील. चौकशी केलीये मी. म्हणजे तिकडे जाऊन एका पैशाचा फायदा नाही. काय उपयोग मग?

हिल्का : माहितीये मला.

तौनो : काय माहितीये?

हिल्का : टॅक्सचं. मी पोरीला विचारलं होतं दोन वर्षांपूर्वीच. ती म्हणाली, आई, बाबांचं कापणारच.

तौनो : दोन वर्षांपूर्वी? आणि मी दर वसंतात एवढा घसा फोडतो, तेव्हा काही बोलली नाहीस?

हिल्का : तू एवढा रंगात यायचास. कशाला विरस करायचा.

तौनो : मग टॅक्स वाचणार नाही हे माहीत असून तुला जायचंय?

हिल्का : मी टॅक्ससाठी जातच नाहीये, तौनो. टॅक्ससाठी तू जायचास, तेही कॉफी संपेपर्यंत. मला ऊन हवंय.

तौनो : ऊन? जूनमध्ये असतं की इथे. रात्रभर असतं. झोपू देत नाही.

हिल्का : मला आत्ता हवंय. आइला आहे ना, माझ्याबरोबर शाळेत भांडी घासायची ती. स्पेनमध्ये फुएन्खिरोलाला राहते आता. परवा फोटो पाठवला तिने. काही विशेष नाही त्यात. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलीये, पायात मोजे नाहीत. नोव्हेंबरात. मी तो फोटो किती वेळ बघत बसले, तुला सांगितलं तर हसशील.

तौनो : आइलाचे पाय बघत बसलीस?

हिल्का : हो. आणि रडले.

तौनो : रडलीस?

हिल्का : थोडंसं. कांदा चिरत होते, त्यामुळे तुला कळलं नाही. तौनो, माझे गुडघे दुखतात ते सोड, गुडघे सगळ्यांचेच दुखतात. पण नोव्हेंबर आला की सकाळी मला उठावंसंच वाटत नाही. डोळे उघडते, तर अंधार. म्हणते, पडून राहिलं तर काय बिघडेल? मग तुझी कॉफीची वेळ होते, आणि तू काही झालं तरी स्वतः कॉफी करणार नाहीस, म्हणून उठते. दरवर्षी ते उठणं जास्त जड जातंय. आणखी किती नोव्हेंबर माझ्या वाट्याला आहेत कुणास ठाऊक. मला ते सगळेच्या सगळे इथे घालवायचे नाहीत.

तौनो : पाणी घालू का गं?

हिल्का : घाल. आता घाल.

तौनो : तिथे आपला राय धान्याचा काळा पाव मिळणार नाही.

हिल्का : आपल्याकडच्या लोकांची बेकरी आहे तिथे. चर्चही आहे. आपल्या लोकांनी तिथे जाऊन पहिल्यांदा काय केलं असेल, तर सौना बांधला.

तौनो : उन्हात सौना? डोकं फिरलंय का त्यांचं? आणि माझी बर्फातली मासेमारी?

हिल्का : समुद्र आहे की.

तौनो : समुद्राला भोक कुठून पाडू?

हिल्का : भोक पाडायला नको. नुसता गळ टाकायचा.

तौनो : नुसताच? बर्फ नाही, कुदळ नाही, थंडीत पाय आपटणं नाही? कुणीही धरेल मग मासे. त्यात कसली मर्दुमकी. आणि तिथली माणसं म्हणे रस्त्यात भेटली की विचारतात, कसं काय. ओळख ना पाळख. काय सांगायचं त्यांना?

हिल्का : बरं आहे म्हणायचं.

तौनो : आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी विचारलं तर?

हिल्का : पुन्हा बरं आहे म्हणायचं.

तौनो : रोज? अगं, त्यापेक्षा टॅक्स परवडला. हसू नकोस. मला खरंच भीती वाटते, हिल्का. इथे बर्फ पडलं की मी पहाटे जागा होतो. आता गाडी माझ्याकडे नाही, तरी होतो. खिडकीतून बघतो, गाडीवरच्या नव्या पोराने कोपऱ्यावरचं बर्फ नीट काढलंय का. तो कधीच नीट काढत नाही. मग मला बरं वाटतं. तिथे कशासाठी उठू? वाळू सारखी करायला?

हिल्का : माझ्यासाठी ऊठ. कॉफी करायला शीक.

तौनो : घर विकून शिकू?

हिल्का : दुसरा काही मार्ग तुला सुचत असेल तर सांग. मला तर नाही सुचत. मी साधी बाई, सूप वाढणारी.

तौनो : थांब. थांब जरा. मला विचार करू दे. असं कर. घर विकायचं नाही. फक्त अंधारापुरतं जायचं. बदकं जातात तशी. नोव्हेंबरला उडायचं, मार्चला परत. आइलाला सांगून एखादी खोली भाड्याने घ्यायची. तळ्यावरचं बर्फ फुटायच्या आत मी माझ्या खिडकीत. उन्हाळा आपला, हिवाळा त्यांचा.

हिल्का : पण मी तर मनाने पूर्ण निघाले होते.

तौनो : मन आवर. व्यवहार बघ. माणसाने एकदम टोकाला जाऊ नये.

हिल्का : अर्धंच ऊन म्हणजे.

तौनो : अर्ध्यापेक्षा जास्त. अंधाराचे सगळे महिने तुझे. मी म्हणतो ना. त्या सोमवारच्या माणसाला फोन करून नको म्हणून सांग.

हिल्का : आता तू एवढं म्हणतोयस तर... बघू.

तौनो : साव्होचं 'बघू' नको. नीट सांग.

हिल्का : बरं. चालेल. तुझंच खरं.

तौनो : बघ! शांतपणे बसलं, चार पळ्या पाणी घातलं, की प्रश्न सुटतो. तुम्हा लोकांना धीर नसतो.

योर्मा : तौनो. मी योर्मा. दाराबाहेर उभा आहे.

तौनो : आत येऊ नकोस! आम्ही फळीवर आहोत.

योर्मा : येत नाही. सातला दहा कमी आहेत. तुमचा तास संपलेला नाही. मला एकच विचारायचंय.

तौनो : विचार. बादली आणलीयेस का बरोबर?

योर्मा : आणलीये. शनिवार सहा. नोव्हेंबर ते एप्रिल माझा. मे ते ऑक्टोबर तुमचा. बरोबर?

तौनो : हे आत्ता... तुला कुणी सांगितलं? आत्ता, या क्षणी, इथे फळीवर ठरलंय ते. मला सुचलंय.

योर्मा : हिल्काने सांगितलं. मागच्या रविवारी.

तौनो : मागच्या रविवारी!

योर्मा : म्हणाली, जिन्यात तौनोला विचार, तो तुला शनिवार देऊन टाकेल. मी विचारलं. तुम्ही दिला. मग म्हणाली, आज सातच्या आत तो स्वतःच म्हणेल, फक्त हिवाळ्यापुरतं जाऊ. मी म्हटलं, नाही म्हणाला तर? ती म्हणाली, घर विकायचं म्हटलं की म्हणेल.

हिल्का : योर्मा, एवढं सगळं सांगायची गरज नव्हती.

योर्मा : तुम्ही सांगू नको म्हणाला नव्हतात.

तौनो : आणि तो सोमवारचा माणूस? दलाल?

हिल्का : दलाल कुणी म्हटलं? खोल्या गरम करणारे रेडिएटर बघायला येतोय. दरवर्षी येतो. सगळ्या खोल्यांतले बघतो.

तौनो : मी मार्च म्हटलं होतं. एप्रिल कुठून आला?

हिल्का : मार्चमध्ये इथे चिखल असतो, आणि तू भिजलेल्या बुटांनी घरभर फिरतोस.

योर्मा : हो की नाही? उन्हाळ्यात मला तास नकोच. मी तळ्यावरच्या झोपडीत असतो. तिथे माझा स्वतःचा सौना आहे.

तौनो : योर्मा, तू इतका सरळ माणूस, आणि या कटात सामील झालास?

योर्मा : कट नाही. मला शनिवार हवा होता. तिला ऊन हवं होतं. तिने मला स्पष्ट सांगितलं. तुम्हाला काय हवं ते तुम्ही अजून सांगितलं नाही. हो की नाही?

तौनो : हो.

योर्मा : ठीक. बादली कपड्यांच्या खोलीत ठेवतो. आज वापरायची तर वापरा. नवी आहे, आधी धुऊन घ्या. येतो मी.

तौनो : गेला?

हिल्का : गेला.

तौनो : काय बाई आहेस तू. सत्तरी ओलांडलीस, आणि मला असं बोटावर नाचवलंस. शेजाऱ्याला जिन्यात उभं केलंस, रेडिएटरवाल्याचा दलाल केलास, माझ्याच तोंडून तुझा बेत वदवून घेतलास, आणि वर 'तुझंच खरं' म्हणालीस. मी खूश झालो होतो गं त्या वाक्यावर!

हिल्का : मला दिसलं.

तौनो : एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ सांगायचं होतंस मला. तौनो, मला अंधार सोसत नाही. एवढंच. मी काय दगड आहे?

हिल्का : सांगितलं होतं.

तौनो : केव्हा?

हिल्का : पहिल्यांदा, माझी आई गेली त्या वर्षी. मग तुझ्या निवृत्तीच्या हिवाळ्यात. मग गेल्या वर्षी, तू बूट काढत होतास तेव्हा. दर वेळी तू हसलास. म्हणालास, अंधार तर सगळ्यांनाच असतो. मग मीही हसले.

तौनो : मी हसलो?

हिल्का : वाईट नव्हतास हसला. जसा हसतोस तसाच.

तौनो : वळ तिकडे. पाठ धुऊन देतो.